ॲमस्टरडॅमच्या पॅसेजमध्ये बसलेले आप्पा

माझ्या सासऱ्यांना मी एका हॉटेलच्या पॅसेजमध्ये चांगला तासभर बसवून ठेवलं होतं. त्या वेळी ते ॲमस्टरडॅमला होते आणि मी शिकागोजवळ शॉमबर्गला, माझ्या ऑफिसच्या क्युबिकलमध्ये. इतक्या लांबून सासऱ्यांना दाराबाहेर बसवणारा जावई आमच्या दोन्ही घराण्यांत दुसरा झालेला नाही.

२००६ सालची गोष्ट. माझे सासरे, म्हणजे आप्पा, सांगलीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून रिटायर झालेले. ते आणि सासूबाई (त्यांना सगळे माई म्हणतात) पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेला येणार होते. विमान ॲमस्टरडॅमला बदलायचं होतं. तेवढ्यावरून आप्पा फोनवर जरा चाचरत म्हणाले, "मिलिंदराव, हॉलंडची जमीन समुद्राच्या खाली आहे, असं मी पोरांना इतकी वर्षं सांगत आलो. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणतो. जमेल का?"

आप्पांनी त्याआधी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यामुळे मी पेटलोच! दोन दिवसांचा मुक्काम ठरला, व्हिसा झाला, आणि हॉटेल शोधायचं काम मी स्वतःच्या अंगावर घेतलं. इथेच सगळ्यांनी मला अडवायला हवं होतं.

माझ्या बायकोने, अनघाने, एक हॉटेल आधीच बघून ठेवलं होतं. स्टेशनसमोरचं, जुनं, फुलाफुलांच्या पडद्यांचं. खोलीत दोन सुटे पलंग आणि चहाची किटली.

"हेच घेऊ," ती म्हणाली. "आईला चहा करता येईल."

"अगं, आप्पांनी आयुष्यभर शाळेच्या सहली धर्मशाळांतून काढल्या. आता युरोपातसुद्धा किटलीच का? काहीतरी क्लास बघू की! बुटीक हॉटेल!"

मला त्या वर्षी 'बुटीक' या शब्दाची लागण झाली होती. ऑफिसमध्ये लोक सुट्टीवरून आले की हाच शब्द तोंडात. मी आठवडाभर वेबसाइट पालथ्या घातल्या आणि एक हॉटेल शोधून काढलं. फोटो इतके सुंदर, की त्यात नक्की काय आहे तेच कळेना. एका फोटोत अर्धा दिवा. एकात खुर्चीचा पाय. एकात पांढऱ्या पलंगावर एकच पांढरं फूल. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की इथे अखंड, मोकळी जागा आहे आणि स्नान हा तुमच्या राहण्याचाच एक भाग आहे.

"हे स्नानाचं काय लिहिलंय?" अनघाने विचारलं.

"अटॅच्ड बाथरूम," मी म्हणालो. (खरंच म्हणालो! ठणकावून म्हणालो!)

सांगलीला फोन करून बातमी दिली. आप्पा गोंधळले. "बुटीक? ते ब्लाउज शिवतात ते?"

"नाही आप्पा, तसलं नाही. हे एकदम खास असतं. तुम्ही बघाच."

त्यांनी बघितलं.

ज्या दिवशी ते ॲमस्टरडॅमला पोचले, त्याच दिवशी अनघाची सर्टिफिकेशनची परीक्षा होती. फोन लॉकरमध्ये, ती आत कॉम्प्युटरसमोर, दुपारपर्यंत संपर्क नाही. जाताना मला म्हणाली, "तू आहेस ना? काही लागलं तर बघ." मी छाती काढून म्हणालो, "मी आहे ना!"

सकाळी ऑफिसात कॉफी घेऊन बसतो न बसतो तोच मोबाइल वाजला. माई होत्या. तिकडे दुपार टळली असणार.

"मिलिंदराव, अनघा आहे का?"

"ती परीक्षेला गेलीय. पोचलात ना नीट? हॉटेल कसं आहे?"

माईंनी आधी घसा साफ केला.

"मोठं आहे," माई म्हणाल्या. कुणी वारल्याची बातमी सांगावी, असा आवाज.

"काय झालं माई?"

"काही नाही. तुम्हाला कसं सांगू... तुम्ही जावई. अनघा कधी येईल?"

"दुपारी. मला सांगा ना! बरं, आप्पांना द्या."

"हे बाहेर बसलेत."

"बाहेर कुठे?"

"दाराबाहेर. मीच बसवलंय. मी हाक मारेपर्यंत आत यायचं नाही म्हटलं. ठेवते हां." आणि फोन बंद!

मी कॉफीचा कप खाली ठेवला. माईंनी आप्पांना खोलीबाहेर काढलं? या माई जेवताना आप्पांचं पान वाढून झाल्याशिवाय बसत नाहीत. हे आप्पा माईंना विचारल्याशिवाय स्वेटर घालत नाहीत!

शेजारच्या क्युबिकलमध्ये विवेक बसायचा. नागपूरचा. माझा चेहरा बघून त्याने खुर्ची ढकलत आणली. मी सगळं सांगितलं.

"अबे, भांडण झालं असन," तो म्हणाला.

"चाळीस वर्षांत त्यांचं एकदा भांडण झालेलं नाही."

"मंग साचलं असन ना यार सगळं!"

मी हॉटेलला फोन लावला. खोलीत रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. दुसऱ्यांदा लावला, तरी तेच. तिसऱ्यांदा मात्र रिसेप्शनवरचा मुलगाच फोनवर राहिला. आवाज अतिशय सभ्य.

"सर, बरं झालं तुम्ही फोन केलात," तो इंग्रजीत म्हणाला. "त्या वृद्ध गृहस्थांबद्दल आम्हाला जरा काळजी वाटतेय. ते पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलेत. आम्ही विचारलं, काही मदत हवी का? तर म्हणाले, धिस इज अ डेलिकेट मॅटर."

"डेलिकेट?" मी जवळजवळ ओरडलोच.

"डेलिकेट म्हणजे हार्ट," विवेक कुजबुजला. "मावशींना काही झालं असन बे. म्हणून तर फोन नाही उचलत."

माईंना बीपी होतंच. लांबचा प्रवास, जागरण. मघाचा तो आवाज! आणि मला सांगायचा संकोच म्हणून त्या लेकीची वाट बघत बसल्या असतील? अनघा परीक्षेतून बाहेर येईल आणि मी तिला काय सांगू? मी आहे ना म्हणालो होतो, तो हाच मी?

"ऐका," मी त्या मुलाला म्हणालो, "आत माझ्या सासूबाई आहेत. त्या फोन उचलत नाहीत. त्यांना बरं नसेल. तुमच्याकडे किल्ली असेल ना? ताबडतोब जाऊन दार उघडा!"

"नक्की, सर?"

"नक्की! माझ्या जबाबदारीवर!"

तो हातातला फोन घेऊनच निघाला. मला जिने चढल्याचा आवाज, त्याचा श्वास, मधेच डच भाषेत कुणाला तरी मारलेली हाक, सगळं ऐकू येत होतं. विवेक माझ्या फोनला दुसऱ्या बाजूने कान लावून उभा. मग एकदम गलका झाला.

"सर, हे गृहस्थ आम्हाला दारापर्यंत जाऊ देत नाहीत!"

"का?"

"त्यांनी छत्री आडवी धरलीय!"

मागून आप्पांचा वर्गातला आवाज घुमत होता. "नो! नॉट अलाउड! स्टॉप देअर!" (याच आवाजाने सांगलीतल्या पोरांनी नद्या पाठ केल्या होत्या.)

"ते प्रवासाने गोंधळलेत," मी ओरडलो. "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका! दार उघडा!"

"सर, ते छत्री मारतील."

"मग फोन त्यांना द्या!"

आप्पा फोनवर आले. धापा टाकत होते. "मिलिंदराव, हे लोक आत घुसायला बघतायत! सोबत एक बाई पण आहे किल्ली घेऊन!"

"मीच पाठवलंय त्यांना! आप्पा, त्यांना जाऊ द्या आत! माईंना काही झालं असेल!"

"तिला काय व्हायचंय? ती आंघोळ करतेय!"

जीव जरा भांड्यात पडला. "मग बाथरूमचं दार लावलेलं असेल ना. त्यांना नुसतं खोलीत डोकावू दे. खात्री करू दे."

"बाथरूम नाहीये."

"काय?"

"बाथरूम नाही, मिलिंदराव! खोलीच्या मधोमध काचेची पेटी आहे. मत्स्यालयासारखी. पलंगावरून सगळं दिसतं. त्या पेटीत नळ आहे. संडासालासुद्धा काचच. साडी बांधू म्हटलं, तर कुठे खिळा नाही, हूक नाही, कडी नाही. म्हणून आम्ही पाळी लावलीय. मघाशी मी आंघोळ केली, तेव्हा ही इथे बसली होती. आता ही आत आहे, तर मी बसलोय. आणि तुम्ही म्हणता, दार उघडा?"

स्नान हा तुमच्या राहण्याचाच एक भाग आहे.

तेवढ्यात पलीकडून किल्ल्यांची खुळखुळ ऐकू आली. आप्पा फोनवर बोलण्यात गुंतले होते, म्हणजे छत्री खाली आली होती! ती किल्लीवाली बाई दाराशी पोचली होती! मी उभा राहिलो आणि छाती फुटेस्तोवर इंग्रजीत ओरडलो, "दार उघडू नका! माझी सासू शॉवरमध्ये आहे! ती काचेत आहे! सगळं दिसतं! दार उघडू नका!"

एकेका क्युबिकलवरून एकेक डोकं वर आलं. विवेक कधीच स्वतःच्या जागेवर जाऊन जोरजोरात टाइप करत होता. आणि माझ्या मागे, हातात मीटिंगचे कागद घेऊन, माझी मॅनेजर लिंडा उभी होती.

"इज एव्हरीथिंग ओके?" तिने विचारलं.

"येस," मी म्हणालो. "शी इज फाइन. शी इज जस्ट बेदिंग."

फोनमधून आप्पांचा आवाज आला, "गेले. मागे सरले."

मी खुर्चीत कोसळलो. "आप्पा, माझं चुकलं. मी आत्ताच्या आत्ता दुसरं हॉटेल बघतो."

"नको!" इतक्या घाईने आप्पा आयुष्यात कधी बोलले नसतील. "मिलिंदराव, हात जोडतो. तुम्ही आता काहीही बघू नका."

पुढचं त्यांचं त्यांनीच निस्तरलं. प्रकार लक्षात आल्यावर रिसेप्शनवरचा तो मुलगा लाजून लाल झाला आणि खालून कोट अडकवायचा चाकांचा स्टँड घेऊन आला. माईंनी त्यावर दोन इरकली साड्या सोडल्या आणि अखंड, मोकळ्या जागेचे व्यवस्थित दोन भाग केले. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने बस सांगून त्यांना समुद्र अडवणाऱ्या बांधावर पाठवलं. एका बाजूला समुद्र वर, दुसऱ्या बाजूला गाईंची कुरणं खाली. आप्पा तिथे किती तरी वेळ उभे होते म्हणे. मग माईंना म्हणाले, "मी पोरांना खोटं शिकवलं नाही."

हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी दुपारी मला फक्त अनघाचा फोन आला. परीक्षा चांगली गेली होती. तेवढं एकच वाक्य ती आनंदाने बोलली. मी बाकीचं सांगितलं.

"तू माझ्या आईला काचेत आंघोळीला बसवलंस?"

"अगं, फोटोत दिसलं नाही."

"आणि वर लोकांना बघायला पाठवलंस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

दोन दिवसांनी आम्ही विमानतळावर गेलो. माई लेकीच्या गळ्यात पडल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी पदर सारखा केला. आप्पा "बरे आहात ना?" एवढंच म्हणाले. पुढे फ्रीवेवर मी दोनदा शिकागोच्या हवेबद्दल बोललो. कुणीच हवेत रस दाखवला नाही. सासरे हॉटेलबद्दल रागावतील, निदान दोन शब्द सुनावतील, तर बरं, असं मला झालं होतं. पण ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर आप्पांनी बूट काढले. हॉल बघितला नाही, किचन बघितलं नाही, चहा नको म्हणाले. माझ्याकडे वळून एकच प्रश्न विचारला, "बाथरूम कुठाय?"

मी दाखवलं. आप्पा आत शिरले. आधी एका भिंतीवर बोटाने टकटक करून बघितलं. मग समोरच्या भिंतीवर. मग दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी, अनघा आणि माई बाहेर उभे.

"मिलिंदराव!" आतून हाक आली.

"काय आप्पा?"

"मी दिसतोय का?"

"नाही आप्पा."

"नक्की?"

"नक्की! अजिबात दिसत नाही!"

"मग राहतो सहा महिने," आप्पा म्हणाले आणि नळ सुरू झाला.

राहिले. आणि त्या सहा महिन्यांत रोज सकाळी, बॅग खांद्याला लावून, गाडीची किल्ली हातात घेऊन, मला बंद दारासमोर उभं राहून "नाही आप्पा, दिसत नाही!" असं ओरडून सांगावं लागायचं. त्याशिवाय ते नळ सोडत नसत. ऑफिसला रोज उशीर व्हायला लागला, तेव्हा लिंडाने एकदा बोलावून कारण विचारलं. मी जे खरं होतं ते तिला सांगितलं. तिने मला आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगितलं.