घणाला घातलेला हार

घण हवा होता, आणि घणाला झेंडूचा हार घातलेला होता.

पन्नासच्या दशकातला दसरा. सांताक्रूझ विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीत मी ज्युनियर इंजिनियर होतो. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे सणाची ड्युटी हमखास माझ्या गळ्यात. हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या गॅरेजमध्ये, सकाळीच पाने, हातोडे, घण मांडून पूजा झाली होती. पेढेही संपले होते. बाराच्या सुमारास हवामान ऑफिसातून फोन आला. दुपारी गडगडाटासह वादळ, वारा सोसाट्याचा, पूर्वेकडून.

हँगरमध्ये दोन विमानं मावत. तिसरं, एक डाकोटा, इंजिनाच्या पार्टसाठी खोळंबून बाहेर उभं होतं. वाऱ्याला काय कळतं आत पायलट आहे की नाही? पंखांखाली शिरला की तो रिकामं विमानही उचलतो. म्हणून विमानाचं नाक वाऱ्याकडे करायचं, जमिनीत लोखंडी मेखा ठोकायच्या आणि पंख, शेपूट दोरांनी बांधायचं. याला आम्ही पिकेटिंग म्हणतो. आमच्या डाकोटाचं तोंड समुद्राकडे होतं. म्हणजे नेमकं उलटं.

मॅनेजरसाहेबांना घरी फोन लावला.

"वैद्य, समुद्र पश्चिमेला आहे. वारा तिकडूनच येतो. आणि बाहेर ऊन आहे ना?"

"आहे, सर. पण या दिवसांतलं वादळ डोंगराकडून येतं."

"फिरव मग. काही मोडलं तर लेखी उत्तर तू द्यायचंस."

विमान फिरवायला हँगरमधल्या कामगारांचे म्होरके राणे मिस्त्री लगेच तयार झाले. "ढकलतंव आमी. हातांची काय पूजा करूक नाय." दहा माणसांनी डाकोटा ढकलून पूर्वेकडे वळवलं. मग मी मेखा ठोकण्याचा विषय काढला.

"पुजलेल्या हत्याराक आज हात लावूचो नाय, सायबानू. उद्या सकाळी उचलूया."

"उद्या विमान उरणार नाही, मिस्त्री! राजेसुद्धा शस्त्रं पुजून त्याच दिवशी मोहिमेवर निघायचे ना?"

"मी राजा नाय. मी मिस्त्री."

मी भयंकर चिडलो. स्वतः घण उचलू शकलो असतो, पण एकट्याने सहा मेखा वेळेत ठोकून झाल्या नसत्या. शिवाय त्या माणसांनी पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतं.

तेवढ्यात पूर्वेला, लांब, ढग गुरगुरले. मिस्त्रींनी एकदा डाकोटाकडे पाहिलं. चपला काढल्या, टोपी नीट केली आणि पूजेपुढे उभे राहून चक्क गाऱ्हाणं घातलं. कोकणात देवाला सगळ्यांदेखत अशी विनंती करतात. एकजण बोलतो, बाकीचे होकार देतात.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी पुजलेली हत्यारां उचलतंव..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो आमचो इंजिनेर सांगता, वादळ येतला म्हणान..."

"व्हय म्हाराजा!"

"खरा झाला तर विमान राख. खोटा झाला तर पाप तेच्या डोक्यार घाल, आमच्या नको!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार सर्वांत मोठा होता.

मग हार उतरवून घण बाहेर निघाले. पाऊण तासात सहाही मेखा पक्क्या बसल्या. दोर मात्र मी किंचित सैल ठेवायला लावले. भिजला की दोर आकसतो आणि विमानालाच ओढतो.

चार वाजता ऊन एकदम विझलं. वारा आला तो थेट पूर्वेकडून. शेजारच्या शेडचे पत्रे आमच्यासमोरून उडत गेले. डाकोटा चाकांवर उंच झालं, दोर ताणले, आणि ते पुन्हा खाली बसलं. असं अर्धा तास चाललं. एकही मेख हलली नाही. माझा ऊर भरून आला. आजही सांगताना येतो.

पाऊस थांबल्यावर मिस्त्रींनी आपट्याचं पान आधी डाकोटाच्या चाकावर ठेवलं, मग माझ्या हातात. "सोना घेवा, सायबानू." मी वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब विमानाभोवती दोन फेऱ्या मारून आले. "पूर्वेकडून आला?"

"हो, सर."

"हं." लेखी उत्तर कोणी मागितलं नाही.

वादळाची तयारी वादळाच्या दिवशी करायची नसते, हे मी तेव्हा शिकलो. मिस्त्री माझ्याही पुढे गेले. पुढच्या दसऱ्याला सगळ्या हत्यारांना हार होते, पण एक घण दाराशी तसाच उभा होता. मी विचारलं, "हा राहिला का?"

"राहूक नाय, सायबानू. ह्यो आज ड्युटीवर आसा."