हातोडीचे चुकलेले ठोके

माझा अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, तबला वाजवायला बसला की आमच्या मल्लेश्वरम भागातली कबुतरं बरोबर समेवर उडायची. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. दारूही तो तशीच तुफान प्यायचा. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, आता पुन्हा प्यायलात तर जगणार नाही.

अण्णानं दारू सोडली आणि त्याचे हात थरथरू लागले. तबला सुरात लावायला बसला की हातोडी वादीखालच्या गठ्ठ्याऐवजी तबल्याच्या खोडावर पडायची, नाहीतर अंगठ्यावर. मग तो असा ओरडायचा की वरच्या मजल्यावरचा कुत्रा पलंगाखाली शिरायचा. एक तबला लावायला अर्धा दिवस! मी आणि वहिनी स्वयंपाकघरात उभं राहून ते चुकलेले ठोके कान देऊन ऐकायचो. पोटात थेंब नाही, याची आम्हाला तेवढीच खूण होती.

एका रविवारी सकाळी वहिनी डोसे घालत होती. बाहेरच्या खोलीत अण्णानं हातोडी उचलली. चार ठोके पडले, चारही नेमके. मिनिटभरात तबला सुरात लागला. मग त्यानं असा तुकडा वाजवला, की एरवी मी उठून नाचलो असतो. तव्यावरचा डोसा करपत होता, पण वहिनी हलेना.

तिनं दारातूनच विचारलं, “अहो, किती घेतलीत?”

“स्वल्पच गं,” अण्णा हात न थांबवता म्हणाला. “ऐकतेस ना, कसा लागलाय?”

सुंदरच लागला होता. वहिनीनं गॅस बंद केला आणि मला म्हणाली, “भावजी, दवाखान्यात जायला रिक्षा बोलवा.”