एक जूनचा जन्म

ऑलिम्पिकला कोण जाणार हे मैदानात ठरतं, असं मानणारी माणसं मला फार भाग्यवान वाटतात. ती सामना पाहतात, टाळ्या वाजवतात आणि जेवायला बसतात. मी सामना संपला की नियम वाचायला बसतो. कोणत्या खेळातून आपले किती जण पात्र होतील, याचा अंदाज मी गेली कित्येक वर्षं आमच्या धाड गावच्या बाजारात चहाच्या टपरीवर फुकट सांगत आलो आहे. माझा अंदाज बहुतेक वेळा 'कमी' असा असतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर येतो, त्यामुळे टपरीवर माझ्याबद्दल कुणाचं मत फारसं चांगलं नाही.

धावण्यावर माझा त्यातल्या त्यात विश्वास. घड्याळ कुणाचं नातेवाईक नसतं. तरी शंभर मीटरला वारा मोजतात, आणि ते यंत्र कुणी लावलं, कुणी तपासलं, हे कुणी सांगत नाही. बॉक्सिंगमध्ये सगळा वेळ मार खाल्लेल्याचा हात वर झालेला मी पाहिला आहे. वजन उचलणाऱ्याची मान पाहिली की याच्या पाण्याच्या बाटलीत काय असेल, असं माझ्या मनात येतंच. आपला माणूस असला तरी येतं, उलट जरा जास्तच येतं. काही खेळांत क्रमवारीचे गुण लागतात. मग लोक कुठल्यातरी लहानशा देशात जातात, मोजके चार स्पर्धक आलेल्या स्पर्धेत पदक घेतात आणि गुण गाठीला बांधून परत येतात. पुढच्या ऑलिम्पिकला क्रिकेट आहे आणि संघ फक्त सहा, म्हणून टपरीवर सगळे खूश होते. मी विचारलं, सहाच काऊन, आणि ते सहा कोणत्या दिवसाची क्रमवारी धरून घ्यायचे? चहावाला म्हणाला, "तुमाले लग्नात पंगतीले बसवलं तरी तुमी आधी जिलेबी फोडून पाह्यता."

याला माझा धंदा कारण आहे. आमची मिरची, वांगी आणि कोरडवाहूत सोयाबीन. एका साली बियाण्याच्या पिशवीवर छापलेलं सगळं खरं मानून मी पेरलं, आणि अर्धं वावर उगवलंच नाही. तेव्हापासून मी पिशवीतले शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवड्यानं उघडून किती फुटले ते पाहतो आणि मगच पेरणीची तिफण जोडतो. खेळाडूंच्या बाबतीत अशी काही सोय नाही, म्हणून मी नुसता संशय घेतो.

सगळ्यात जास्त राग माझा तिरंदाजीवर. तिथे ऑलिम्पिकची जागा तिरंदाजाची नसते, देशाची असते. पोरीनं परदेशात जाऊन बाण मारून जागा मिळवायची, आणि घरी आल्यावर त्याच जागेसाठी पुन्हा चाचणी द्यायची. चाचणीत दुसरी कुणी पुढे गेली तर जाणार ती. हे मी एकदा बायकोला समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मंग ते जागा कोनाची?"

"देशाची."

"देश बान मारते काय?" ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तिरंदाजीचं मला इतकं लागण्याचं कारण आमच्याच घरात आहे. माझ्या धाकट्या भावाची मुलगी तिरंदाज आहे. मला ती मोठेबाबा म्हणते. शाळेत असताना बुलढाण्याचे एक सर बांबूची धनुष्यं घेऊन आले होते, तेव्हा तिनं पहिला बाण मारला, आणि पुढे जीपनं बुलढाण्याला जाऊन त्यांच्याच केंद्रात शिकायला लागली. धनुष्य केंद्राचं, बाण केंद्राचे, हात तेवढे तिचे. ती बोलते कमी. बाण सुटला की बाकीच्या पोरी निशाणाकडे पाहतात, ही क्षणभर आपल्या हाताकडे पाहते. भाऊ वावरातून सुटत नसे, म्हणून तिच्याबरोबर मीच जायचो. खरं सांगायचं तर भाऊ मोकळा असता तरी मीच गेलो असतो.

यंदा अठरा वर्षांखालच्या गटाची राज्य चाचणी होती. या गटाला साठ मीटरवरून मारावं लागतं आणि साठ मीटरवर आमची पोरगी पक्की होती. सर सहसा कुणाला चढवत नाहीत, पण ते म्हणाले की ही राज्याच्या संघात येईल, आणि एकदा राष्ट्रीय स्पर्धेत दिसली की पुढच्या शिबिराला बोलावणं येतं. हा गट सुटला की सत्तर मीटर, जड धनुष्य, आणि समोर तीन-चार वर्षं तेच अंतर मारत आलेल्या मोठ्या मुली. त्या गर्दीत नवीन पोरीकडे कोण पाहतं? तेव्हा जे काही होणार ते याच वर्षी होणार होतं. टपरीवर मी "पाहू" एवढंच म्हणायचो. मनात मात्र मी तिला पुढच्याच्या पुढच्या ऑलिम्पिकला पोचवून, तिथली जागा देशाची की तिची यावर भांडलोसुद्धा होतो.

मग सरांचा फोन आला. "हिच्या आधारवर तारीख एक जून आहे. मर्यादा त्यापुढच्या एक जानेवारीची आहे, तिच्या आधीचा जन्म चालत नाही. सात महिन्यांनी मोठी होते. बसत नाही."

आता या एक जूनबद्दल सांगायला हवं. माझा जन्म एक जूनचा. माझ्या भावाचा एक जूनचा, बायकोचा एक जूनचा, टपरीवर बसणाऱ्या निम्म्या लोकांचा एक जूनचा. त्या दिवशी बँकेपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांचे शुभेच्छांचे निरोप येतात आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हसतो. शाळा जूनमध्ये उघडते, नाव घालताना गुरुजी वय पूर्ण आहे का विचारतात, आणि घरचा माणूस म्हणतो, लिहा एक जून. आमच्या पिढीत कुणाला खरी तारीख ठाऊकच नव्हती. पण या पोरीची ठाऊक होती. ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तिच्या आजोळी अमडापूरला झाली. करीच्या दिवशी झाली म्हणून बायांनी नाकं मुरडली होती, म्हणून तर ती तारीख घरात कुणी विसरलं नाही. कागदावरच्या एक जूननंतरची पंधरा जानेवारी, म्हणजे मर्यादेच्या आत.

आणि शाळेत तिचं नाव घालायला मी गेलो होतो. माझी स्वतःची मुलगी तिच्याहून आठ महिन्यांनी मोठी. तिला शाळेत घालायच्या सकाळी ही लहानगी दारात बसून इतकी रडली की मी तिलाही कडेवर घेतलं. दोघी जोडीनं नाल्यापलीकडे जातील, एकमेकींचा हात धरतील, असा माझा विचार. गुरुजींनी विचारलं, "सहा पूर्ण आहेत ना?" मी म्हणालो, "एक जूनले सहा पुरे झाले, लिहा." त्यांनी लिहिलं. पुढे आधार काढताना शाळेचाच दाखला लावला. गावात कुणालाही यात काही वावगं वाटलं नसतं. मलाही वाटलं नव्हतं.

सरांचा फोन ठेवला आणि मी म्हणालो, यात काय मोठं, खरा दाखला काढू. मी अमडापूरला गेलो. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकानं जुनं रजिस्टर शोधलं, आणि नोंद सापडली. तिच्या आज्यानं तेव्हाच केलेली. आईचं नाव, बापाचं नाव, पंधरा जानेवारी, मुलगी. बाळाच्या नावाचा रकाना तेवढा कोरा होता, कारण तेव्हा बारसं झालं नव्हतं. नंतर नाव घालायला कोण जातो? मी दाखला घेतला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात होती. मी, पोरगी आणि सर एस.टी.नं गेलो. मंडपात एका टेबलामागे कागद तपासणारे गृहस्थ बसले होते. त्यांनी आधार पाहिलं, दाखला पाहिला, पुन्हा आधार पाहिलं.

"जन्म सतरा वर्षांपूर्वीचा आणि दाखला गेल्या आठवड्यातला?"

"कदी कामच पडलं नाही साहेब."

"आणि मर्यादेच्या नेमका चौदा दिवस आत."

"करीले झाली पोरगी. त्याले मी काय करू?"

"यात मुलीचं नाव कुठे आहे?"

मी बारशाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि अगदी शांतपणे विचारलं, "हिला धाकटी बहीण आहे का?"

मला राग आला. धाकट्या बहिणीचा दाखला थोरलीच्या नावावर चालवतात, हे मला ठाऊक होतं. वय चोरण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग. मी म्हणालो, "बहीन नाही. एक भाऊ आहे तिले." त्यांनी रेशनकार्ड मागितलं. ते मी आणलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की शाळेत ही तारीख कुणी दिली. मी म्हणालो, मी दिली.

"म्हणजे दोन तारखांपैकी एक खोटी, आणि ती तुम्हीच दिलेली. कोणती, ते मी इथे बसून कसं सांगू? मी शाळेची धरतो."

सर मध्ये पडले, उद्या कार्ड मागवतो म्हणाले. पण चाचणी आज होती. गृहस्थ वाईट नव्हते, आवाजही चढवला नाही त्यांनी. त्यांच्या जागी मी असतो तर एवढं ऐकूनही घेतलं नसतं.

मला वाटलं होतं की पोरगी रडेल, परत चला म्हणेल. ती म्हणाली, "आलोच हाओत तं पाहू." आम्ही दोरीच्या अलीकडे सतरंजीवर बसलो. साठ मीटरवर निशाणं लावली होती. पहिल्या फेरीतच मला दिसलं की त्यातल्या बऱ्याच जणींपेक्षा आमची चांगली आहे. मी तिला तसं म्हणालो. ती निशाणाकडे पाहत होती.

"मोठेबाबा, ते हिवरा आश्रमाकडची पोरगी आठवते काय तुमाले?"

आठवत होती. तिची गोष्ट मी इथवर सांगितली नाही, कारण ती सांगावी असं मला वाटत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या चाचणीत चार मुली निवडणार होते आणि आमची पाचवी आली होती. सरांना मदत करायच्या निमित्तानं मी सगळ्यांचे कागद चाळत होतो. त्या मुलीचा जन्मदाखला नवा होता आणि त्यावर नाव नव्हतं. शाळेची तारीख एक जूनची, आणि ती धरली तर मुलगी गटात बसत नव्हती. मी लगेच कागद मागून हरकत लिहून दिली. सगळ्यांसमोर तिच्या बापाला विचारलं, हिले धाकटी बहीन आहे काय? तो टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, आहे. त्याला पुढे बोलायचं होतं, पण तेवढ्यावर सगळे समजायचं ते समजले. तिला काढलं, आमची चौथी झाली. घरी येऊन मी टपरीवर ही गोष्ट दोन दिवस सांगितली होती, वय चोरणारे कसे ओळखायचे म्हणून.

"आठवते," मी म्हणालो.

"तिचा दाखला तिचाच असंन काय?"

"काय मालूम."

"तवा तुमाले मालूम होतं काय?"

"नाही."

ती "हाव" म्हणाली आणि पुन्हा निशाणाकडे पाहू लागली. तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडायला मला जमतं. मला तिथे बसून लाज वाटली, आणि ती लपवायला मी उगाच पाणी आणायला गेलो.

परतीच्या एस.टी.त मी सरांना त्या मुलीबद्दल विचारलं. ते म्हणाले, तिनं त्याच महिन्यात धनुष्य केंद्रात आणून दिलं, नंतर आली नाही. आता काय करते ते त्यांना ठाऊक नव्हतं. तिच्या बापाचा नंबर त्यांच्याकडे होता, तो मी घेतला.

त्याला दीड महिना झाला. काय बोलायचं ते मी रोज वावरात ठरवतो. पण जे ठरवतो ते माफीचं नसतंच. दोघी बहिणींत किती वर्षांचं अंतर आहे, हे आडून कसं विचारता येईल, हेच मी जुळवत बसतो. एवढं कळलं की दाखला कुणाचा ते समजेल, आणि तो धाकटीचा निघावा अशी माझी इच्छा आहे. हे मी कुणाला बोललेलो नाही.

पोरगी आता सत्तर मीटर मारते. बाण अजून निशाणाच्या खाली पडतात. बुलढाण्याला निघताना ती दारात थांबते आणि विचारते, "लावला काय फोन?" मी नाही म्हणतो, आणि ती जीप धरायला जाते.