राळेचा वास

काल कळव्याला मोबाईल दुरुस्त करायला गेले होते. दुकानदाराने आतली तार राळ लावून सोल्डर केली, तेव्हा राळेचा वास आला आणि मला मोहने गावातली आमची जुनी खोली आठवली.

बाबा फिडल वाजवायचे. शेजारच्या पेद्रूकाकांनी शिकवलं होतं. काका गोव्याचे, लग्नाच्या बँडमधले. पण बाबांच्या कानात आधीपासून बसलं होतं ते आजीचं जात्यावरचं गाणं. एकदा दारात सापडून बाबांच्या डाव्या हाताची करंगळी चिरडली. पट्टी सुटली तरी ती वाकेना. फिडल पेटीत गेलं आणि बाबा घरात बोलेनासे झाले. मला त्याचीच भीती वाटायची.

एका संध्याकाळी पेद्रूकाकांनीच पेटी उघडली. "सदा, तारा चारच आहेत रे. तीन बोटं पुरे तुला!"

बाबांनी गजाला राळ घासली. लग्नातली गत धरली, ती मधेच तुटली. मग हळूच आजीची ओवी लागली. तिला करंगळी लागतच नव्हती.

"झालं सुरू रडगाणं!" आई म्हणाली आणि तिने भाताखालच्या फरफरणाऱ्या स्टोव्हची हवा सोडून तो विझवला. तेव्हा वाटलं, ती चिडली. आता कळतं, तिला नीट ऐकायचं होतं. ओवी शेवटपर्यंत गेली.

जेवताना भात कच्चाच होता. बाबांनी घास चावला आणि आईकडे बघून म्हणाले, "काय गं, भाताला पण एक बोट कमी पडलं का?"

किती दिवसांनी आम्ही सगळे हसलो.