घडी घातलेलं पान

कापसाच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला भडगावकडची ती हिवाळ्यातली दुपार आठवते आणि माझी भूकच मरते. पक्षात फूट पडली होती. आमच्या तालुकाध्यक्षांनी नव्या गटात जायचं ठरवलं होतं आणि सगळ्या कार्यकर्त्यांना आपल्या केळीच्या बागेत भरीत पार्टीला बोलावलं होतं. माझं मात्र अजून काहीच ठरत नव्हतं. धूर केळीच्या पानांखाली कोंडला होता, लाकडी बडगीत वांगी ठेचल्याचा धपधप आवाज येत होता, पण अशा वेळी एरवी चालते ती थट्टामस्करी कुठेच नव्हती. पक्षाचे जुने कार्यकर्ते असलेले नाना वाढायला आले आणि माझ्या पानाशी वाकून पुटपुटले, "भाऊ, बठ्ठं ठरेल शे. आठे जो जेवना, तो त्यासना व्हयना." म्हणजे इथे जेवलो की मी त्यांच्या गटाचा झालो; माझा हात तिथेच थांबला. आमच्याकडे पंगतीतला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय कोणी उठत नाही. सगळे खरकटे हात वाळवत माझ्याकडे बघत बसले. अध्यक्ष समोर येऊन उकिडवे बसले. "जेव ना भाऊ, लोक खोळंबलेत." मी म्हणालो, "आबा, मी आहे तिथेच राहतो," आणि भरल्या पानाची घडी घातली. ते हसले. "बरं. हे पान मी विसरणार नाही." मी उठलो आणि रस्त्याला लागलो. काल जुन्याच गटाकडून माझी उमेदवारी जाहीर झाली. आज सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर हिरव्या वांग्यांची टोपली होती, आणि तिच्यावर केळीचं ताजं पान, नीट घडी घातलेलं.