शांत पिल्लू

मी आयुष्यात एकदाच कुत्रं निवडलं, आणि तेही सून निवडावी तसं. एवढा मूर्खपणा करायला शिक्षण लागतं. माझं भरपूर झालं होतं.

दिल्लीत आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. केबल आली, दारात मारुती आली. मग लेकीनं लॅब्रेडोर मागितला. 'आपल्या घरात गेलो की आणू' असं म्हणून मीच तिला क्वार्टरमध्ये वर्षानुवर्षं झुलवलं होतं.

नोएडात एक बाई घरीच लॅब्रेडोरची पिल्लं वाढवायच्या. पिल्लं दाखवायच्या आधी त्यांनी माझीच चौकशी केली: दिवसा घरी कोण असतं, फिरवणार कोण. मग पिल्लांची आई दाखवली. पिल्लांतल्या एका दांडगोबानं माझ्या कांजीवरमचा काठ चावायला घेतला. (हो, कुत्रं बघायला मी कांजीवरम नेसले होते.) लेक त्याच्याबरोबर जमिनीवर लोळत होती.

"यही ले जाना," बाई म्हणाल्या. "लेकिन अभी माँ के पास रहेंगे. और देने से पहले मैं आपका घर देखूँगी."

गाडीत मी फणफणले, "आपलं घर तपासणार म्हणे ही."

हे म्हणाले, "मुलगी देतेय ती. बघेलच ना."

मला पटलं, म्हणून जास्तच राग आला.

पुढच्या रविवारी बाजारात एकजण गाडीच्या डिकीत टोपली ठेवून पिल्लं विकत होता. त्यानं काहीच विचारलं नाही. भला माणूस वाटला. कोपऱ्यातलं एक पिल्लू मान खाली घालून बसलं होतं. साडीला तोंडसुद्धा लावलं नाही त्यानं.

"बघ, किती वळण आहे," मी म्हणाले.

"आई, ते उठतच नाहीये यार," लेक म्हणाली.

"शांत आहे ते."

आठवडाभरात ते गेलं. फार लवकर आईपासून तोडलंय, लस टोचलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. लेकीनं शेवटपर्यंत त्याला शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर धरलं होतं.

दवाखान्यातून परत येताना मी तिला म्हटलं, "नोएडाच्या बाईंकडे जाऊ. तो दांडगोबा असेल अजून."

रिकामा स्वेटर नीट घडी करत ती म्हणाली, "नको. त्या घर बघायला आल्या ना, तर मीच त्यांना सांगेन, इथे देऊ नका."