पिंपातला पाला

हसायचं तर आधीच हसून घ्या, मग कपाला हात लावा. गाढवपणा सगळा माझाच आहे, वाटून घ्यायला कुणी नाही.

बायको गेली आणि मुलानं मला सिंगापूरला आणलं. सेंगकांगला, चौदाव्या मजल्यावर. चौदाव्या मजल्यावर माणसानं करायचं काय? ढग मोजायचे? म्हणून मी खाली उतरायचो. खाली झाडं, आणि झाडांखाली ही पाल्याची रास!

आता आपल्याकडे कसं? पानगळ माघ-फाल्गुनात. एकदा अंगण झाडायचं, ढीग लावायचा, काडी ओढायची. वर्षाची कटकट संपली. इथल्या झाडांना काही रीतच नाही! बारा महिने गळतात. झाडूवाले येतात म्हणा, पण मला कुठला धीर? मीच खराटा घेतला. दोन पोती भरली.

"बाबा, पाला जाळायचा नाही हं. दंड होतो," सूनबाईनं बजावलं.

"मग काय लोणचं घालू त्याचं?"

श्रावणातली एक संध्याकाळ. खाली येतो तर काय! भलंमोठं लोखंडी पिंप मांडलेलं, आणि आमच्या मजल्यावरची चिनी म्हातारी त्यात रद्दी जाळतेय! राजरोस! सगळे तिला आंटी म्हणतात. म्हटलं, वा रे कायदा! हिला माफ आणि मला दंड?

ती काहीतरी आणायला वर गेली. मी दोन्ही पोती पिंपात रिकामी केली. धूर असा उठला की दुसऱ्या मजल्यावरचे कपडे दिसेनात.

म्हातारी आली आणि किंचाळली. नशीब, तेवढ्यात सूनबाई ऑफिसातून परतली.

"बाबा! काय केलंत हे?"

"केर जाळला. तीही जाळतेच की!"

"अहो, तो केर नव्हता! आपला पितृपक्ष असतो ना, तसं यांचं चाललंय. यात जाळलेलं वर गेलेल्या माणसाला पोचतं. आंटी नवऱ्याला कागदाचे पैसे, कपडे पाठवत होती."

मी पिंपाकडे बघितलं. माझा पाला धडाधड पोचत होता.

म्हातारीचं तोंड सुरूच. ऐकता ऐकता सूनबाईचा चेहरा उतरला. "ती म्हणते, तिचा नवरा तीस वर्षं झाडूवाला होता. कंबर गेली तरी झाडत होता. मेल्यावर कुठे सुटला बिचारा, आणि तुम्ही त्याला दोन पोती पाला पाठवलात!"

आता म्हातारी रडायला लागली. ओरडत होती तेच बरं होतं. मला माझा बाप आठवला. त्याच्या श्राद्धाच्या पानावर कुणी केर ओतला असता, तर मी त्याचे हात मोडले असते.

जन्मात कुणाची माफी मागितली नाही मी. बायकोचीसुद्धा नाही. पण पिंपापुढे हात जोडले, वर बघितलं आणि म्हटलं, "दादा, चुकलो! त्या पाल्याला हात लावू नका. पडू दे तसाच!"

सूनबाईनं तिला सांगितलं. म्हातारीनं डोळे पुसले आणि ती निघून गेली.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं आम्हाला खाली बोलावलं. हातात एक कागदाचा माणूस, हातभर उंचीचा.

"हा गडी आहे," सूनबाई म्हणाली. "वर जाऊन पाला हा झाडणार."

"झकास! सुटला म्हातारा!"

"आणि आंटी तुमचं नाव विचारतेय."

बघा, राग गेला की माणूस ओळख वाढवतो! मी छाती काढून बापासकट नाव सांगितलं, आडनावही सांगितलं. तिनं सूनबाईकडून एकेक अक्षर नीट विचारून घेतलं आणि ते त्या गड्याच्या छातीवर लिहिलं. मग गडी पिंपात.

माझं नाव भुर्रकन पेटलं. म्हातारी पहिल्यांदा हसली, माझ्या पाठीवर थोपटून काहीतरी म्हणाली. सूनबाई ओढणी तोंडात कोंबून उभी.

"अगं, काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तिचा म्हातारा कामाला फार कडक आहे. त्याला फार दिवस वाट बघायला लावू नका."